सरपंचबाईंचा डोंगल कोणाच्या खिशात असतो?

चावडीवाचक
महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा १९९० पासून, ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला, आणि ५० टक्के झाले २०११ साली. म्हणजे एक अख्खी पिढी आरक्षणात वाढली. तरी 'सरपंच कोण?' असं विचारलं की गावात बोट दाखवतात ते बाईच्या नवऱ्याकडे.

प्रश्न असा, की राजकीय बदलाने बाईची घरातली-गावातली जागा बदलते, की घरातली जागाच त्या बदलाला गिळून टाकते? 'मानसिकता बदलायला हवी' हे वाक्य कृपया कोणी लिहू नका, ते भाषणात ऐकून झालंय. बाई निवडून आल्यावर सत्ता नेमकी कोणत्या कागदातून, कोणत्या वस्तूतून, कोणत्या वेळेतून निसटते आणि ती तिथेच कशी धरून ठेवता येईल, एवढं लिहा. कामकाज जवळून माहीत असलेले बरेच जण इथे आहेत.

खडूफळा
सरपंचपती हे पद घटनेच्या कोणत्या कलमात येतं तेवढं आधी सांगा. परीक्षेला येतं का?

नमुनाआठ
वस्तू विचारलीत म्हणून वस्तूच सांगतो. डोंगल.

पूर्वी सत्ता चेकबुकात होती. चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागायच्या. नवरा घरी यायचा, 'इथे सही कर' म्हणायचा आणि बाई पोळपाट बाजूला सारून सही करायची. निदान चेक तिच्या डोळ्यांसमोरून तरी जायचा. आता वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातात. ग्रामसेवक (सप्टेंबर २०२४ पासून पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी', पण बोलताना ग्रामसेवकच) व्हाउचर तयार करून आपली डिजिटल सही लावतो. मग सरपंचाची डिजिटल सही लागते, तेव्हा पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात. ही सही म्हणजे यूएसबीचा तुकडा आणि त्याचा पिन. दोन्ही ज्याच्या हातात, सरपंच तो. चेकवर निदान अक्षर ओळखता येत होतं. डोंगलला अक्षर नसतं.

सही काढताना आधार, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी लागतो, शिवाय व्हिडिओ पडताळणी होते. बाई स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून नाव सांगते. तेवढी दहा-वीस सेकंदं ती पूर्ण सरपंच. त्यानंतर डोंगल एकतर नवऱ्याच्या खिशात, नाहीतर संगणकचालकाच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून, आणि पिन त्याच पाकिटावर पेनाने लिहिलेला.

तेव्हा:

नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल बाईचाच हवा. इथे नवऱ्याचा किंवा सेवा केंद्रवाल्याचा नंबर गेला की पुढची पाच वर्षं गेली.

डोंगल मिळाल्या दिवशी पिन बदलायचा. हे दोन मिनिटांचं काम आहे.

सही लावण्याआधी चार कागद मागायचे. मासिक सभेचा ठराव, कामाची मोजमाप पुस्तिका, अभियंत्याचं मूल्यांकन आणि पुरवठादाराचं बिल. चारपैकी एक नसेल तर डोंगल पर्समधून बाहेर काढायचा नाही.

महिन्यातून एकदा नमुना ५, म्हणजे रोकडवही, आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून ओळीवर ओळ जुळवायची. सातवी झालेल्या बाईला हे सहज जमतं. अवघड आहे ते 'पासबुक आणा' म्हणणं.

रानजाई
+१. भर एवढीच, की वापरून झाला तरी डोंगल संगणकात खोचून ठेवू नये. पिन माहीत असलेला माणूस शेजारी बसलेला असतो.

उसाचंचिपाड
नवऱ्याला झोडपायचा धागा दिसतोय म्हणून उलट बाजू मांडतो. नवरा हा मधला माणूस असतो. डोंगल खरा असतो पॅनेलप्रमुखाकडे. निवडणुकीचा खर्च पॅनेल करतं, उमेदवार पॅनेल ठरवतं. 'वॉर्ड बायकांचा निघाला, मग तुझ्या घरातली दे' असा तो सौदा असतो. त्या वॉर्डातून पुरुष निवडून आला असता तरी त्याचा डोंगल पॅनेलप्रमुखाच्या माणसाकडेच गेला असता. पुरुष सरपंच 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणतो तेव्हा कोणी त्याला 'सरपंचसाहेबाचा सरपंच' म्हणत नाही.

शिवाय तालुक्याला पंचायत समितीत आठवड्यातून दोन हेलपाटे. एसटी दिवसाला दोन, गाडी नवऱ्याची. बाईला गाडी चालवता येत नसेल तर कारभार मागच्या सीटवर बसूनच होतो.

कलमबाई
@उसाचंचिपाड, पॅनेलप्रमुखाचं अगदी मान्य. पण एक फरक आहे. पुरुष सरपंच फुटू शकतो आणि फुटतोही. पॅनेलप्रमुखाशी बिनसलं तर तो दुसऱ्या गटात जातो, आणि घरी त्याचं जेवण बंद होत नाही. बाई फुटली तर तिला घरातही फुटावं लागतं. म्हणून पॅनेलला बाईचा नवरा हवा असतो. जामीन म्हणून.

मूळ प्रश्नावर सविस्तर संध्याकाळी लिहिते.

टपरीवरचाचहा
'जामीन म्हणून' ला टाळ्या.

जुनंदप्तर
थोडं मागचं. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात बाई निवडून आली नाही तर एखाद-दुसरी स्वीकृत करून घ्यायची सोय होती. म्हणजे बाईने मतं मागायची नाहीत, कोणीतरी तिला आणून बसवायचं. सत्कारात हार घालायला ती हवी, एवढाच त्या खुर्चीचा अर्थ होऊन बसला.

याला पहिला मोठा धक्का सरकारने दिला नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. शेतकरी बायका लाखांनी जमल्या आणि पंचायत राज्य बायकांनी ताब्यात घ्यावं असं तिथे ठरलं. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायकांचं पॅनेल निवडून आलं. तेव्हा आरक्षण नव्हतं! त्याच चळवळीने लक्ष्मीमुक्ती काढली. गावातल्या किमान शंभर कुटुंबांनी काही जमीन बायकोच्या नावावर करायची, मग ते गाव लक्ष्मीमुक्त. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची मांडणी अशी, की घामाचे दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरातल्या घामाचे दाम चुकते करावेत.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की विटनेरसारख्या ठिकाणी पंचायत आणि जमीन हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी हातात घेतले गेले. सरकारी आरक्षणाने खुर्ची दिली, जमिनीचा विषय तसाच राहिला. सातबारावर नाव नसलेली बाई सरपंच होते तेव्हा ती दुसऱ्याच्या ओट्यावर बसून न्याय देत असते.

१९९० चे ३० टक्के, १९९४ चं राज्याचं पहिलं महिला धोरण आणि त्याच वर्षीचा मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारा राज्याचा कायदा, हे सगळं याच हवेतलं. केंद्राने तो वाटा ९ सप्टेंबर २००५ पासून दिला, म्हणजे आपल्यानंतर अकरा वर्षांनी. ५० टक्क्यांत मात्र बिहार आपल्या पुढे, २००६.

सातबाराकोरा
@जुनंदप्तर, लक्ष्मीमुक्तीचं शासन परिपत्रक १५ सप्टेंबर १९९२ चं. आजही वापरता येतं, पण फार कमी जणांना माहीत असतं. नवरा हयात असताना त्याने स्वतः अर्ज करायचा, 'माझ्या खात्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावावं'. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नवऱ्याची संमती हा कणा. ती नसेल तर हा रस्ता बंद.

चुकतं कुठे? नाव पडतं 'इतर अधिकार' रकान्यात. सातबाऱ्यावर डावीकडे भोगवटादार असतात आणि उजवीकडे इतर अधिकार, जिथे सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाची नोंद असते. बाईचं नाव तिकडे गेलं म्हणजे ती सोसायटीच्या कर्जाच्या रांगेत जाऊन बसली. नाव पाहिजे भोगवटादारात. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून रकाना बघायचा. 'नाव लागलं' हे ऐकून पेढे वाटू नका.

नमुनाआठ
घराचंही तेच. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर नोंदवावं असा ग्रामविकास खात्याचा निर्णय २००३ मध्ये झाला. नमुना ८, म्हणजे कर आकारणीची वही, त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा. नवरा मालक आणि बायको भोगवटादार असं लिहिलं असेल तर ती स्वतःच्या घरात भाडेकरूच्या ओळीत आहे. दोघांची नावं मालकाच्या रकान्यात हवीत. हे मासिक सभेच्या ठरावाने होतं, आणि सभा घेते सरपंच. म्हणजे बाई सरपंच असेल तर गावातल्या सगळ्या घरांचं हे काम एका वर्षात उरकू शकते. (नमुना ८ हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण गावठाणात बहुतेकांकडे तेवढाच कागद असतो.)

खडूफळा
आमच्या घरात भोगवटा सगळा माझाच असतो, आणि मालकीण ती. उलटा नमुना.

रानजाई
जमिनीवरून: २००५ नंतर कायद्याने मुलगी भावाइतकीच वारस, आणि वडील २००५ आधी वारले असले तरी हक्क जन्मापासूनच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मग वारसनोंद होते, सातबाऱ्यावर नावं लागतात, आणि पुढच्या दिवाळीला बहीण ओवाळायला आली की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र. साडीचोळी, जेवण, परतीचं भाडं. 'वाटा घेतला तर माहेर तुटेल' हे वाक्य कोणी बोलतही नाही, तरी सगळ्यांना ऐकू येतं. तिथे कायदा अपुरा नाही. सासरी बिनसलं तर जायला जागा हवी, त्या जागेचा विमा म्हणून ती वाटा सोडते. हिशोब तिच्या बाजूने अगदी व्यवहारी आहे.

मांडवीकाठ
गोंयातून नमस्कार. आमच्याकडे हा हिशोब वेगळा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या. मुलीला वाटा आधीपासून.

पण @जुनंदप्तर यांच्या मांडणीप्रमाणे मग गोव्यात बायकांनी पंचायती गाजवायला हव्या होत्या. तसं झालेलं नाही. पंचायतींत एक तृतीयांश आरक्षण आहे, त्याच्या पलीकडे खुल्या जागांवर बायका हाताच्या बोटावर. आणि जमिनीच्या खरेदीखतावर जी सही ती करते, ती कशावर करते आहे हे वाचून करते असंही नाही. म्हणजे मालमत्तेचा कागद आणि पंचायतीची खुर्ची दोन्ही देऊन बघितलं, तरी मधलं काहीतरी उरतंच.

जुनंदप्तर
@मांडवीकाठ, मुद्दा घेतला. माझं वाक्य फार सरळ होतं. विटनेरला जमीन आणि खुर्ची यांच्यामागे चळवळ होती, बायका एकमेकींना ओळखत होत्या. गोव्यात कायदा वरून आला आणि मुरला. घरातल्या फर्निचरसारखा.

टपरीवरचाचहा
अवांतर: मास्तरीणबाई म्हणजे मास्तरांची बायको, पाटलीणबाई म्हणजे पाटलांची बायको, डॉक्टरीणबाईही तशीच. मराठीत शंभर वर्षं बाईचं पद नवऱ्याच्या पदाला शेपूट लावून तयार व्हायचं. सरपंचपती हा शब्द म्हणजे इतिहासात पहिल्यांदाच नवऱ्याचं पद बायकोच्या पदाला शेपूट लावून तयार झालं. समानता आली म्हणायची का?

खडूफळा
आता 'सरपंचीण' म्हणजे कोण? सरपंचाची बायको की सरपंच बाई?

उसाचंचिपाड
आमच्याकडे 'सरपंच वैनी' म्हणतात. वैनी म्हटलं की भावकीचं नातं लागलं, आणि वैनी दिराला सभेत उलट बोलत नसते. एका शब्दात कारभार गुंडाळला. मासिक सभेत इतिवृत्तात 'सरपंच' आणि तोंडाने 'सरपंच मॅडम' हा रिवाज पहिल्या सभेपासून पाडावा, नंतर पडत नाही.

कलमबाई
आता कायद्याचं. बाईला खुर्चीवरून खाली खेचायचे मार्ग आणि त्यातल्या फटी. सरपंचांच्या तक्रारींची कागदपत्रं चाळली तर तेच तेच पुन्हा दिसतं.

अविश्वास. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३५. एरवी दोन तृतीयांश मतं पुरतात, पण सरपंचपद बाईसाठी राखीव असेल तर तीन चतुर्थांश लागतात. सात सदस्यांची पंचायत धरा. सरपंच सदस्यांमधून निवडलेली असेल तर सातचे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वापाच, म्हणून सहा. ती स्वतः विरोधात मत देणार नाही, म्हणजे बाकीचे सगळेच्या सगळे सहा फुटावे लागतात. एक सदस्य तिच्या बाजूने धरून ठेवला की ती सुरक्षित. हे गणित प्रत्येक सरपंचबाईने भिंतीवर लावावं. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाचं वेगळं. थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. तिथे सदस्यांनी तीन चतुर्थांशाने ठराव केला तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं.

कलम ३६. हा खरा सापळा. मासिक सभा बोलावणं ही सरपंचाची जबाबदारी. पुरेशा कारणाशिवाय सभा नियमाप्रमाणे बोलावल्या नाहीत तर ती अपात्र. नोटीस सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी. व्यवहारात नोटीस काढतो ग्रामसेवक आणि वाटतो शिपाई. दोघांनी मिळून दोन-तीन महिने 'राहून गेलं मॅडम' केलं की तक्रार तिच्यावर. म्हणून तिने दर महिन्याला ग्रामसेवकाला लेखी पत्र द्यायचं, 'अमुक तारखेला सभा बोलवा, विषय अमुक', आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यायचा. बारा महिन्यांची बारा पत्रं एका फायलीत. ही फाईल पंचायतीत नाही, घरी ठेवायची.

कुटुंबाच्या चुका. यात बाई सगळ्यात जास्त भरडते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर अपात्र. किती मुलं व्हावीत यात जिचं सगळ्यात कमी चालतं, तिचंच पद जातं. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र, आणि अतिक्रमण सासऱ्याने तिच्या लग्नाआधी केलेलं असलं तरी ती त्या घरात राहते म्हणून ओढली जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांचं अतिक्रमणही धरलं. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने त्यांना पदावर परत बसवलं आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहज काढून टाकल्याबद्दल अधिकाऱ्यांना सुनावलं. तेव्हा अर्ज भरण्याआधी सासरच्या घराचा नमुना ८ आणि जागेची मोजणी बघून घ्यावी. उमेदवारी सुनेची असली तरी तपासायचं असतं सासऱ्यांचं बांधकाम.

नमुनाआठ
@कलमबाई, यात नावांचा घोळ राहिला. जातीचा दाखला वडिलांकडून येतो, माहेरच्या नावाने. मतदारयादीत सासरचं नाव. आधारवर कधी हे कधी ते. राखीव जागेवर निवडून आल्यावर जात वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. समितीपुढे माहेरच्या नावाचे शाळेचे दाखले, आजोबांचे महसुली पुरावे लागतात, आणि ते असतात भावाच्या ट्रंकेत. भावाशी वाट्यावरून बोलणं बंद असेल (वर रानजाईंनी लिहिलंय ते उलट्या बाजूने बघा), तर कागद मिळत नाहीत आणि पद जातं. पुरुषाला हा प्रश्नच नाही. त्याचं नाव जन्मापासून एकच, ट्रंक घरातच.

उपाय: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नावातल्या बदलाचं राजपत्र, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद अर्ज भरण्याआधीच. वैधतेचा प्रस्ताव सोडत निघाली की लगेच टाकायचा, निकालाची वाट बघायची नाही. आणि निवडणूक खर्चाचा हिशोब निकालापासून ३० दिवसांत. तो हमखास राहतो, कारण खर्च पॅनेलने केलेला असतो आणि सही मात्र बाईची हवी असते.

सातबाराकोरा
१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव. पण ती आई कोणत्या नावाने लिहायची हा प्रश्न आहेच. फक्त नाव लिहितात, म्हणून सुटलं.

टपरीवरचाचहा
महिला ग्रामसभेवर कोणीतरी लिहा की.

रानजाई
लिहिते. प्रत्येक ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. ग्रामसभा वर्षातून किमान चार, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आगेमागे. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती.

कागदावर होते ती सभा अशी: शिपाई वही घेऊन दारोदार, 'ताई, इथं अंगठा'. बाई विचारते, 'कशाचा?' 'अनुदानाचं काहीतरी आहे.' झाली महिला ग्रामसभा.

खरी घ्यायची तर आधी वेळ. सकाळी दहाला घेतली तर बायका रानात. संध्याकाळी सहाला चूल. दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणानंतर नऊला. जागा पंचायत कार्यालय नको, शाळा किंवा अंगणवाडी. पारावर तर मुळीच नको, तिथे बायकांनी बसायचं नाही असा कित्येक गावांत न लिहिलेला नियम असतो. बचत गटांच्या अध्यक्षांना दोन दिवस आधी निरोप दिला की दहा गटांच्या शंभर बायका येतात. उमेद अभियानाचे ग्रामसंघ, म्हणजे बचत गटांचे गावपातळीवरचे संघ, आहेत, त्यांची बैठक ठरलेली असते, तिच्यालाच जोडून घ्यावी. विषय तीनच. एकेक ठराव सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह तिथल्या तिथे लिहून, वाचून दाखवून मग सह्या. कोऱ्या पानावर सही द्यायची नाही, हे शंभरदा सांगावं लागतं.

पैशाचा विषय न चुकता घ्यायचा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवेत. हा आकडा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रकात दिसतो. गावाचं स्वउत्पन्न पाच लाख असेल तर पन्नास हजार. दरवर्षी.

खडूफळा
आणि त्या पन्नास हजारांची शिलाई मशीन येतात. राज्यातल्या सगळ्या शिलाई मशीन एकावर एक ठेवल्या तर कळसूबाईपेक्षा उंच ढीग होईल.

रानजाई
@खडूफळा, हसू नका, बरोबर आहे. मशीन मिळालेल्या बायकांनी शिवायचं कोणाचं? सगळ्यांकडेच मशीन! मशीन का, तर खरेदी एका बिलात होते आणि फोटो छान येतो. त्याऐवजी मुलींच्या शाळेतल्या शौचालयाला पाणी, नदीकडच्या वाटेवर दिवे, धुण्याच्या ठिकाणी ओटा. पण यांची बिलं लहान आणि कटकटीची.

उसाचंचिपाड
दारूबंदीचं विसरलात. तिथे सरपंच कोणीही असो, बायका थेट करू शकतात.

२००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन गेलं, सह्यांची पडताळणी झाली की मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. 'एकूण' हा शब्द नीट वाचा. गावात १,२०० महिला मतदार असतील तर सह्या ३०० आणि मतं ६०१. आल्या ८००, आडवीला ५९० आणि उभीला २१० पडली, तरी दुकान चालूच. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा.

म्हणून आधी मतदारयादी साफ करून घ्यायची. मयत बायका आणि लग्न होऊन गेलेल्या मुली यादीत राहतात, त्याही बाटलीच्याच बाजूच्या. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत अर्धं गाव कारखान्यावर असतं. तारीख त्या काळात लागली तर हरलात म्हणून समजा. उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीआधी लागेल असा अर्ज टाकायचा. दुकानदारालाही हे गणित पाठ असतं, सह्या मागे घ्यायला लावून तो पडताळणी लांबवतो.

चावडीवाचक
हे भारी आहे. यात बाईची घरातली जागा मधे येत नाही का? नवरा पिणारा असतो आणि तोच म्हणतो, जाऊ नको.

उसाचंचिपाड
येते, पण गुप्त मतदान असतं. नवरा सोडून येतो बूथपर्यंत, पुढे पडदा. घरात ज्याचं नाव काढता येत नाही ते पडद्याआड आडवं करता येतं. ग्रामसभेतल्या हात वर करण्यात आणि यात हाच फरक आहे.

टपरीवरचाचहा
मग हेरवाडचं काय? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. पंधरवड्यात सरकारने इतर गावांनीही करावा म्हणून परिपत्रक काढलं. पण ठरावाला दंड कुठे आहे? मोडला तर काय?

कलमबाई
काहीच नाही. पंचायतीला त्यासाठी दंड करायचा अधिकारही नाही. तरी मी त्याला फुकट म्हणणार नाही. प्रथा चालते ती 'लोक काय म्हणतील' यावर. अंत्यविधीच्या वेळी दोन म्हाताऱ्या पुढे होतात तेव्हा घरच्या सुनेला थांबवायचं असतं, पण बोलायला आधार नसतो. 'गावाचा ठराव हाय' हे वाक्य तिच्या हाती आलं. लोकांचं म्हणणंच कागदावर उलटं झालं.

कमी पडतं ते पुढे. ठराव झाला त्या दिवशी फोटो, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नाही. तिथे पंचायत जात नाही, सरपंचबाई जाऊ शकते. तिच्या स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला तिने कोणाला बोलावलं यावर गाव ठराव मोजतं.

जुनंदप्तर
आणि जिथे सरपंचबाई स्वतः विधवा असते तिथे २६ जानेवारीला नारळ कोणी फोडायचा यावर खल होतो. झेंडा चालतो, नारळ नाही. संविधान आणि शास्त्र यांच्यातली सीमारेषा नेमकी नारळावरून जाते.

मांडवीकाठ
हे वाक्य चोरणार आहे.

सातबाराकोरा
मूळ प्रश्नाकडे. फिरतं आरक्षण हा मोठा घात. पाच वर्षांनी सोडत निघते, जागा खुली होते, आणि ज्या बाईला आत्ता कुठे नमुना ५ कळायला लागला होता तिला सांगतात, 'आता खुलं झालंय, तुम्ही थांबा'. खुला म्हणजे पुरुषांचा असा कायदा नाही. खुल्यावर बाई लढू शकते. सात जागांत चार बायकांच्या म्हणजे उरलेल्या तीन पुरुषांच्या असंच गावाने वाचलंय. किमान मर्यादेची कमाल मर्यादा झाली.

नमुनाआठ
+१. म्हणून मी म्हणतो की शिकायला पाच वर्षं लावूच नका. पदभार घेतल्यावर पहिल्या महिन्यात दप्तराची यादी करून पावती घ्या, बँकेतल्या सह्यांचा नमुना बदला, डोंगल जुन्या सरपंचाच्या नावाचा बंद करून स्वतःचा काढा. जुना चालू राहिला तर पैसे जुन्या सरपंचाच्या सहीने गेल्याची प्रकरणं होतात. मानधन सप्टेंबर २०२४ मध्ये दुप्पट झालं, २,००० लोकवस्तीपर्यंत ६,००० रुपये. ते स्वतःच्या एकटीच्या खात्यात घ्या, जोडखात्यात नको. त्यातून आधी गाडी शिका.

उसाचंचिपाड
गाडीचं माझं वाक्य वापरलंत, आभारी आहे.

चावडीवाचक
सगळ्यांचे आभार. एक शेवटचं विचारतो. पाच वर्षांच्या मधे डोंगलची मुदत संपली तर?

नमुनाआठ
संपतेच. साधारण दोन वर्षांची काढतात, म्हणजे एका कारकिर्दीत दोनदा नवी. दर वेळी पुन्हा व्हिडिओ पडताळणी, पुन्हा मोबाइल नंबर. पहिल्यांदा नवऱ्याचा नंबर गेला असेल तर ही दुरुस्तीची संधी. मुदतीच्या महिनाभर आधी अर्ज टाका, नाहीतर मार्चअखेर बिलं अडकतात आणि खापर तुमच्यावर.

खडूफळा
डोंगल हरवू नये म्हणून मंगळसूत्रातच ओवावा असा ठराव मांडतो.

कलमबाई
@खडूफळा, मग नवरा गेला की डोंगल पण काढायला लावतील.

टपरीवरचाचहा
हेरवाडमध्ये नाही काढणार!